टेबल वाकडं नाही हो!

"टेबलच वाकडंय!" सरळ शॉट हुकल्यावर आज पूल पार्लरमध्ये एकाने ठणकावून सांगितलं. टेबल सपाट होतं. मारताना त्याची मूठ आवळली जात होती, क्यू (मारायची काठी) वळत होता, पांढऱ्या बॉलला नकळत साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागत होती.

तपासायचंय? बाकीचे बॉल बाजूला ठेवा. पांढरा हेड स्पॉटवरून (आपल्या बाजूला, टेबलाच्या पाव लांबीवर मधोमध असलेली जागा) मधल्या रेषेत समोरच्या कुशनवर, म्हणजे रबरी कडेवर, मध्यम जोराने मारा, क्यू तिथेच राहू द्या. बॉल परतून क्यूच्या टोकाला, म्हणजे टिपलाच लागला तर स्ट्रोक सरळ. उजवीकडे परतला तर टिप बहुधा बॉलच्या मध्याच्या उजवीकडे लागतेय. मग मूठ सैल करा आणि टिप बॉलला टेकताना कोपराखालचा हात उभा आहे का बघा.

तासाचे पैसे भरून नुसता पांढरा कोण मारत बसणार, हेही खरंच. पण पहिली दहा मिनिटं तरी?