टिपूस

गोव्यात मासे एक तर समुद्रात असतात, नाहीतर ताटात. त्यांना काचेच्या टाकीत ठेवून रोज जेवू घालणारा माणूस फोंड्यात चेष्टेचाच विषय. शेजारचे भाई अजूनही उंबरठ्यावरूनच विचारतात, "मग, तळायचे कधी?"

त्यात ऐन आषाढात टाकी गळायला लागली. खालच्या फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपच्या एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडतुकड्यावर, थेंब जमायचा, लोंबकळायचा, टपकन पडायचा. सेकंदाला एक. 20 थेंबांचा मिलिलिटर धरला तर दिवसाला 4 लिटरच्या वर पाणी! दोन-अडीच दिवसांत कळशी भरते.

थेंब पडतो तिथेच गळतं असं नाही, हे कळायला मला आठवडा लागला. पाणी पाइपच्या पाठीवरून सरपटत उतरतं आणि सगळ्यात खालच्या सांध्यावरून टपकतं. मी त्या बिचाऱ्या एल्बोला दोनदा बदललं. भाई म्हणाले, वरून सोल्युशन फास. पण सोल्युशन प्लास्टिक मऊ करून दोन तुकडे एकजीव करतं, तेही कोरडे असले तर. ओल्या सांध्यावर बाहेरून फासलं की नुसतं सालपट निघतं. शेवटी सगळं पुसून घेतलं आणि वरपासून एकेका सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळला. पहिला भिजला तो टाकीच्या भोकातल्या कनेक्टरचा.

वास्कोतल्या माझ्या मित्राची टाकी खाऱ्या पाण्याची. त्याला ही शोधाशोध नाही. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ. पाणी उडतं आणि गळक्या जागी पांढरी खपली धरते. खारं पाणी चहाडखोर. आमचं गोडं पाणी मात्र अट्टल चोर, आणि पावसात घरातलं सगळंच दमट, संशय घ्यायचा तरी कोणावर?

चोर सापडल्यावर माझा पुरुषार्थ जागा झाला. प्लास्टिकचे आटे हाताने घट्ट करून वर पाव फेरा, एवढंच सोसतात. मी पाना लावून अख्खा फेरा दिला. 'कट्' झालं. थेंबाची धार झाली.

मग मासे टपात, टपात हवेचा पंप, निम्मं पाणी बादल्यांत, निम्मं माझ्या अंगावर, आणि मी छत्री घेऊन बाजारात. दुकानदाराने जुना कनेक्टर उलटसुलट करून पाहिला. "रबर बाहेरून लावलेलं? ते आतून, पाण्याच्या बाजूने लावतात." चार वर्षं ते उलटंच होतं, गळलं नाही हेच नवल.

आता पाइपखाली रोज जुनं वर्तमानपत्र पसरतो. परवा त्यावर पुन्हा ओला ठिपका. टिश्यू घेऊन तासभर वाकलो, सांधे सगळे कोरडे ठणठणीत. भाई दारात उभे राहून बघत होते. काही न बोलता त्यांनी छपराकडे बोट दाखवलं. कौल सरकलं होतं.