चार बोटं

नवी पेठेत लेकीच्या दप्तराची चेन बदलायला थांबलो होतो. कारागिरानं चेनकडं बघितलंच नाही. म्हणाला, "चेनचं करू ओ, आधी पोरीचे बंद बघा की!"

एक बंद दुसऱ्यापेक्षा चक्क चार बोटं लांब. दप्तर कमरेखाली लोंबत होतं आणि ती पुढं वाकून उभी. त्यानं दोन्ही बंद बकलातून सारखे ओढले, तळ कमरेपाशी आणला, पाठीला घट्ट टेकवलं. पैसे घेतले फक्त चेनचे.

"बाबा, हलकं झालं!"

वजन तेवढंच होतं.

दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच असावं, हे २०२० च्या दप्तर धोरणातलं वाक्य मी कितीदा तावातावानं बोललोय. बंद मात्र जूनपासून एकदाही बघितले नव्हते.

रात्री तिच्या डाव्या खांद्यावर लाल वळ दिसला. किती दिवसांचा असेल?