क्रोमियम गेलं कुठं? फॉर्म-५ भरतानाचा माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. आजूबाजूच्या फौंड्री आणि मशिनशॉपमधून नट-बोल्ट, ब्रॅकेट, क्लॅम्प आमच्याकडे येतात. त्यांच्यावर जस्ताचा थर चढतो आणि शेवटी पिवळं पॅसिव्हेशन होतं, म्हणजे जस्त लवकर खराब होऊ नये म्हणून त्यावर रसायनाचा पातळ थर दिला जातो. तो पिवळा रंग ज्या बाथमधून, म्हणजे रसायनाच्या टाकीतून, येतो त्यात हेक्स क्रोम, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम असतं. त्याची फवारी श्वासातून जात राहिली तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, नाकाच्या पडद्याला भोक पडतं, कातडीवर लवकर न भरणाऱ्या जखमा होतात. म्हणूनच प्लेटिंगचा कारखाना केवढाही असो, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत तो 'रेड', म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या, वर्गात असतो.

मंडळाकडे जाणारी विवरणपत्रं पूर्वी बाहेरचे एक सल्लागार भरायचे. ते काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी जुनी फाइल उघडली. दोन गोष्टी दरवर्षी द्याव्या लागतात. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, म्हणजे २०१६ च्या नियमांखालचा फॉर्म-४, ३० जूनपर्यंत. आणि पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म-५, ३१ मार्चला संपलेल्या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत. मागच्या काही वर्षांचे फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उत्पादन दरवर्षी वाढलेलं, पण स्लज (सांडपाण्यावर प्रक्रिया केल्यावर उरणारा गाळ) तेवढाच, सांडपाणी तेवढंच, क्रोमियम दशांशापर्यंत तेवढंच. आकडे पुढच्या वर्षात नुसते उतरवून काढलेले होते. मला याचा खरंच राग आला. त्याच कागदावर बघून मंडळ ठरवणार की आमच्यामुळे पंचगंगेला किती धोका आहे.

फॉर्म-५ मधला पार्ट-सी हा त्यातला गाभा. तिथं प्रत्येक प्रदूषकाची तीव्रताही विचारतात आणि रोज वजनात किती बाहेर पडतं तेही. बहुतेक जण प्रयोगशाळेचा रिपोर्ट घेतात, तीव्रता लिहितात आणि पुढं जातात. पण खरी गोष्ट वजनात असते. हेक्स क्रोमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. रोज १० हजार लिटर पाणी सोडलं तर मर्यादेत राहूनही दिवसाला १ ग्रॅम जातं. त्यात आणखी १० हजार लिटर साधं पाणी मिसळलं की रिपोर्टवरची तीव्रता निम्मी दिसते, नदीत जाणारा ग्रॅम मात्र तसाच राहतो. म्हणून मी ठरवलं की रिपोर्टवरून उलटं मोजत न बसता स्टोअरच्या रजिस्टरपासून सुरुवात करायची.

रजिस्टरमध्ये वर्षभरात किती क्रोमिक ॲसिड दिलं ते असतं. त्यातलं ५२ टक्के वजन क्रोमियमचं, म्हणजे १०० किलो ॲसिड आलं की ५२ किलो क्रोमियम कारखान्यात आलं. त्याला बाहेर जायला ठरावीक वाटा आहेत: मालावरच्या थरातून, स्लजमधून, प्रक्रिया केलेल्या पाण्यातून, आणि बाथ खराब झाल्यावर काढून टाकलेल्या द्रावातून. स्लजचा नमुना तपासून घेतला आणि वजनकाट्याच्या पावत्या काढल्या. इथं एक सांगायला हवं. फिल्टर प्रेसमधून निघालेला स्लज ओला असतो, उन्हात ठेवला की त्याचं वजन घटतं. ते घटलेलं वजन 'कचरा कमी केला' म्हणून दाखवणारे आहेत, पण त्यात क्रोमियम कणभरही कमी झालेलं नसतं. मी कोरड्या वजनावर हिशेब केला.

बेरीज जुळली नाही. जेवढं आलं त्यातलं बरंच कुठल्याच वाटेत सापडेना.

मालक म्हणाले, "मॅडम, आकडा वाढवून दाखवला तर नोटीस येईल की. आहे तसं जाऊ दे." त्यांची भीती खोटी नव्हती. मंडळानं कारखाना चालवायला दिलेल्या संमतीपत्रात घातक कचऱ्याचं प्रमाण लिहून दिलेलं असतं, त्याच्या वर गेलं तर प्रश्न विचारले जातात. पण त्यावर वाट आहे: वाढीव प्रमाणासाठी दुरुस्तीचा अर्ज करायचा. ते मी त्यांच्यापुढं मांडलं आणि म्हणाले, आधी हे क्रोमियम जातंय कुठं ते शोधू, मग फॉर्म भरू. त्यांनी मुदत बघितली आणि हो म्हटलं.

शोध लागला तो लाइनवरच्या तात्यांमुळं. ते वर्षानुवर्षं बॅरल, म्हणजे माल भरून टाक्यांत बुडवायचं भोकांचं पिंप, चालवतात. "ताई, टाक्यांच्या मधली फरशी बघा की, पिवळी हाय ती काय हळदीनं न्हाई." पॅसिव्हेशनच्या टाकीतून बॅरल उचलला की तो लगेच धुण्याच्या टाकीकडं सरकायचा. मधल्या वाटेत त्यातून द्राव ठिबकायचा, फरशीवरून चरात आणि चरातून पुढं. मी चराच्या पुढच्या टोकाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थोडं ॲसिड घातलं आणि डायफिनाइल कार्बाझाइडचे थेंब सोडले. नळी क्षणात जांभळी झाली. हेक्स क्रोम असलं की हा रंग येतो. तो चर आमच्या सांडपाणी प्रक्रियेच्या हौदात जायला हवा होता, पण मागं कधीतरी फरशी नव्यानं घातली तेव्हा त्याचा उतार पावसाळी गटाराकडं गेला होता. मालकांना बोलावून तीच चाचणी त्यांच्यासमोर पुन्हा केली. त्यानंतर नोटिशीचा विषय त्यांनी काढला नाही.

दुरुस्ती फार खर्चाची नव्हती. चर फोडून क्रोमच्या हौदाला जोडला. टाक्यांच्या मध्ये उतरत्या ट्रे बसवल्या, जेणेकरून ठिबकलेलं परत बाथमध्ये जाईल. बॅरल टाकीवर थांबवून नीट निथळू द्यायचा, हे तात्यांनीच बाकीच्यांना शिकवलं. पुढं एक न वाहती धुण्याची टाकी ठेवली. तिच्यातलं पाणी बाथच्या भरपाईला वापरता येतं, मात्र त्यातून जस्त बाथमध्ये साचत जातं, म्हणून ते कायमचं चालत नाही, तपासून बदलावं लागतं.

प्रक्रियेच्या हौदातही शिस्त आणली. हेक्स क्रोम चुन्यानं खाली बसत नाही. आधी पीएच दोन-तीनच्या आसपास आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, पिवळं-नारिंगी पाणी हिरवट झालं की ते त्रिसंयुजी होतं, आणि मगच चुना घालून पीएच आठ-नऊवर न्यायचा. घाईत चुना आधी पडला तर पाणी वरून स्वच्छ दिसतं आणि विष तसंच पुढं जातं.

मग फॉर्म भरले, खऱ्या आकड्यांनी. आदल्या वर्षीच्या तुलनेत स्लज वाढलेला दिसत होता. सोबत पत्र जोडलं की ही वाढ का आहे, आणि प्रमाण वाढवून मिळण्याचा अर्जही केला. मंडळाकडून खुलासा मागवला गेला. मी वजनाच्या पावत्या, प्रयोगशाळेचे रिपोर्ट आणि मॅनिफेस्टच्या प्रती घेऊन गेले. मॅनिफेस्ट म्हणजे घातक कचऱ्याच्या गाडीसोबत जाणारा कागद, फॉर्म-१०, सात रंगांच्या सात प्रती. पिवळी आपल्याकडं राहते, आणि माल पोचल्यावर कचरा घेणाऱ्या केंद्रानं निळी आपल्याला पाठवायची असते. निळी प्रत आली नाही तर गाडी पोचली की नाही याचा आपल्याकडं काहीच पुरावा नसतो. आमच्या फाइलमध्ये काही निळ्या प्रती नव्हत्याच, त्या मागवून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ गेला. हे काम कुणी नव्यानं हातात घेत असेल तर पहिल्यांदा निळ्या प्रती मोजा.

अमेरिकेत हेच काम जनतेसमोर होतं. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर तिथं १९८६ मध्ये कायदा झाला. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त रसायन वापरणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी १ जुलैपर्यंत प्रत्येक रसायन हवेत, पाण्यात, जमिनीत किती गेलं ते कळवावं लागतं, आणि ते आकडे कुणालाही बघता येतात. भोपाळ आपलं, आणि रसायनवार अशी खुली नोंदवही मात्र आपल्याकडं अजून नाही. शिरोळ, नृसिंहवाडीकडं नदीकाठी राहणाऱ्या माणसाला वरच्या अंगाचे कारखाने काय सोडतात हे कळायला माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो. हे मला मान्य नाही. आमचा फॉर्म उद्या कुणी मागितला तर तो दाखवता यावा, असाच मी तो भरते.

पार्ट-एचमध्ये पुढच्या वर्षी काय सुधारणा करणार ते लिहायचं असतं. मी तिथं त्रिसंयुजी पॅसिव्हेशन लिहिलं आहे, म्हणजे हेक्स क्रोमच काढून टाकायचं. नमुने तयार आहेत. पण त्याचा रंग जुन्या पिवळ्यासारखा येत नाही, त्यामुळं ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यांना सॉल्ट स्प्रे चाचणीचे, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात माल किती टिकतो याचे, निकाल हवे आहेत. ती चाचणी सध्या चालू आहे.