लॅपटॉप तोच, सिस्टिम नवी: विंडोजवरून लिनक्सवर

माझा लॅपटॉप २०१७ सालचा. सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क. त्यावर मी रोज सात-आठ तास भाषांतराचं काम करते आणि इतक्या वर्षांत त्याने मला कधी अडचणीत आणलं नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. माझा एका पिढीने मागे पडला. वर्षभराची वाढीव मुदत घेता आली असती, पण मग पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न समोर होता. धडधाकट चालणारं यंत्र केवळ यादीत बसत नाही म्हणून अडगळीत टाकायला मन धजेना. म्हणून विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्स या सिस्टिमवर जायचं ठरवलं.

या विषयावर मी जे जे वाचलं त्यात सगळा भर इन्स्टॉलेशनवर होता. माझं इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात उरकलं. बाकीचे सात आठवडे गेले ते माझ्याच वस्तू कुठे कुठे आणि कोणत्या रूपात पडल्या आहेत हे हुडकण्यात. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

आधी निवड. लिनक्स हे खरं तर गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं नाव. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते लिहायला सुरुवात केली. त्या गाभ्याभोवती बाकी सगळा संसार मांडून जे तयार होतं ते डिस्ट्रो, आणि अशा डिस्ट्रो ढिगाने आहेत. मी दोनच पाहिल्या, उबुंटू आणि लिनक्स मिंट. मिंट उबुंटूच्याच पायावर उभी आहे, पण तिच्या सिनॅमन डेस्कटॉपवर मेनू खाली डावीकडे आणि उघडलेल्या खिडक्यांची पट्टी तळाला असते. माझ्या हाताला ती जागा ओळखीची होती. शिवाय मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. कोणती डिस्ट्रो घ्यावी यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. नवख्या माणसाने एवढा विचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इन्स्टॉलेशनसाठीची आयएसओ फाइल उतरवली, जवळपास ३ जीबीची. तिचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायची खूण, संकेतस्थळावर दिलेल्या आकड्यांशी जुळवून पाहिला. हे दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नये. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे पुढे जे घोळ होतात त्यांचं मूळ मग सापडत नाही. फाइल पेनड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. अशा लाइव्ह अवस्थेत, आपण इन्स्टॉल म्हणेपर्यंत, डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. त्यामुळे निर्धास्तपणे सगळं तपासता आलं. आवाज येतो, कॅमेरा चालतो, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो आणि उघडल्यावर जागा होतो. मराठी टंकलेखनही जमलं. वाय-फाय मात्र दिसेना. ते कसं सुटलं ते पुढे सांगते.

आता सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, जी मी भाचीच्या सल्ल्याने केली. जुन्या डिस्कवर दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवता येतात, त्याला ड्युअल बूट म्हणतात. पण भाची म्हणाली, "मावशी, जुनी डिस्क काढूनच ठेव. नवीन एसएसडी बसव, तिच्यावर लिनक्स टाक. जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही." मी ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, आणली, मागचे स्क्रू काढले, डिस्क बदलली. त्याआधी विंडोजमधलं डिस्कचं एन्क्रिप्शन बंद करून घेतलं होतं, म्हणजे ती डिस्क पुढे कुठेही जोडली तरी वाचता यावी. या सल्ल्याची खरी किंमत मला महिनाभराने कळली.

इन्स्टॉलेशनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. भाषा, कीबोर्ड, प्रमाणवेळ, नाव, पासवर्ड, आणि पूर्ण डिस्क वापरायची परवानगी. संपलं. लॅपटॉप सुरू व्हायला आधी दीड मिनिट लागायचं, आता वीस सेकंदांत होतो. त्यातलं बरंचसं श्रेय एसएसडीचं आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. विंडोजलाही ती लाभली असती.

वाय-फायचं असं झालं. माझ्या लॅपटॉपमधल्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, खुल्या परवान्याचा नाही, त्यामुळे तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवायला तर इंटरनेट हवं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि जोडणी लगेच मिळाली. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने योग्य ड्रायव्हर स्वतःच सुचवला. इन्स्टॉल करताना त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. तो कशासाठी, हे मी नीट वाचलं नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा एक निळा पडदा आला. मी गडबडीत पुढे जाण्याचं बटण दाबलं आणि वाय-फाय तसंच बंद राहिलं. एक संध्याकाळ त्यात गेली. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू असताना बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर आपण स्वतः विश्वास नोंदवावा लागतो, आणि तो निळा पडदा त्यासाठीच असतो. तिथे एनरोल निवडून तोच पासवर्ड द्यायचा. दुसऱ्यांदा तसं केलं आणि पुन्हा कधी त्रास झाला नाही.

मग सामान हलवणं. कागदपत्रं आणि फोटो मी बाहेरच्या ड्राइव्हवर आधीच घेतले होते. ईमेलसाठी थंडरबर्ड वापरते. त्याची सगळी पत्रं प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये असतात, आणि विंडोजमध्ये तो अॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात असतो. तो उचलून लिनक्सवरच्या थंडरबर्डच्या जागी ठेवला, तर बारा वर्षांची पत्रं फोल्डरांसकट जशीच्या तशी उभी राहिली. भाषांतरासाठी ओमेगाटी वापरते. ते दोन्हीकडे चालतं आणि जुन्या भाषांतरांचा साठा टीएमएक्स या खुल्या स्वरूपात ठेवतं, म्हणून तिथेही काही अडलं नाही. जे जे खुल्या स्वरूपात होतं ते विनातक्रार आलं. प्रिंटर आपणहून सापडला. स्कॅनरला एक दुपार द्यावी लागली.

ऑफिसचं काम आता लिबरऑफिसमध्ये. ग्राहकांच्या वर्डमधल्या फाइल, त्यातल्या दुरुस्त्या आणि शेरे व्यवस्थित दिसतात. पानांची मांडणी मात्र हलत होती, कारण ज्या फॉन्टमध्ये फाइल बनली तो फॉन्टच इथे नसतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ घेतला की अक्षरांची रुंदी सारखीच असल्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. मराठी फाइल बहुतेक मंगलमध्ये असतात, आणि मंगल हा विंडोजचा फॉन्ट. मी आता नोटो सान्स देवनागरीवर स्थिरावले आहे. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात; हिंदी ठेवली तर हिंदी वळणाचे. वर्षानुवर्षं मी ते परक्या वळणाचं ल मुकाट्याने सहन करत आले होते.

टंकलेखनासाठी काही उतरवावंच लागलं नाही. कीबोर्डच्या यादीत मराठी आधीपासून आहे, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी आणि ध्वन्यनुसारी, दोन्ही. इनस्क्रिप्टमध्ये ळ आणि ऱ नेहमीच्याच जागी, शिफ्टसह ल आणि र च्या कळांवर. पहिल्या दिवसापासून बोटं न अडखळता चालली.

आणि मग बाबांची फाइल.

बाबांनी त्यांच्या आठवणी वह्यांमध्ये लिहिल्या होत्या. २००४ मध्ये मी त्या टंकित केल्या, २१२ पानं. नव्या सिस्टिमवर आल्यानंतर साधारण महिन्याने ती फाइल उघडली आणि पोटात खड्डा पडला. त्यात मराठीचं एकही अक्षर नव्हतं. रोमन अक्षरं, मध्येच आकडे, डोक्यावर टिंबं आणि टोप्या असलेली युरोपीय अक्षरं, अशी पानंच्या पानं. फाइल बिघडली असंच वाटलं.

ती बिघडली नव्हती. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये लिहिता येते, पण २००४ मध्ये माझ्यासारखे बहुतेक जण जुन्याच पद्धतीचे फॉन्ट वापरत होते. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ते सगळं इंग्रजीच. मराठी दिसायची ती फक्त त्या फॉन्टच्या चष्म्यातून. एकवीस वर्षं तो चष्मा माझ्या विंडोजमध्ये होता, म्हणून मला पत्ताच नव्हता. बॅकअप घेताना मी कागदपत्रांचा फोल्डर घेतला. विंडोजच्या पोटातला फॉन्टचा फोल्डर घ्यायचं कुणाच्या मनात येईल?

इथे ती काढून ठेवलेली डिस्क कामी आली. ती एका केसमध्ये बसवून यूएसबीने जोडली. विंडोज पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवणारं फास्ट स्टार्टअप मी बंद केलं नव्हतं, त्यामुळे ती फक्त वाचण्यापुरती उघडली, पण मला वाचायचंच होतं. फॉन्ट सापडला, लिनक्सवर बसवला, फाइल पुन्हा उघडली. बाबांचं पहिलं वाक्य समोर आलं. मी ते मोठ्याने वाचलं.

तरी मधूनमधून अक्षरं गाळलेली दिसत होती. जुन्या फॉन्टने एक आकार अशा जागेवर ठेवला होता जिथे युनिकोडच्या नियमाने ओळ तुटल्याशिवाय न दिसणारं संयोगचिन्ह असतं, आणि लिबरऑफिस त्या नियमाप्रमाणे तो आकार दाखवतच नव्हता. तेव्हा ठरवलं की ही फाइल पूर्णपणे युनिकोडमध्ये आणायची. पुन्हा कुठल्या चष्म्यावर अवलंबून राहायचं नाही.

मी तक्ता केला: डावीकडे फाइलमधलं चिन्ह, उजवीकडे त्याचा मराठी आकार. शंभराहून अधिक ओळी झाल्या. भाचीने त्यावरून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. तिचा पहिला प्रश्न होता, "पहिली वेलांटी अक्षराच्या आधी का येते गं?" कारण जुना फॉन्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने चालतो आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. 'किल्ली'मध्ये वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात क आधी. रफाराचं नेमकं उलटं: 'वर्ग' लिहिताना जुन्या पद्धतीत ग आधी आणि रफार मागून, युनिकोडमध्ये र् आधी. हे दोन नियम घातल्यावर नव्वद टक्के मजकूर ताळ्यावर आला.

उरलेल्यात एक चूक माझ्या तक्त्यातलीच होती. अर्ध्या ऱ च्या आडव्या चिन्हापुढे मी रफार लिहून ठेवला होता. त्यामुळे बाबांच्या सगळ्या डोंगरदऱ्यांचे डोंगरदर्या झाले. मराठीला ही दोन चिन्हं वेगळी लागतात. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरांतल्या. तक्ता सुधारला, प्रोग्राम पुन्हा चालवला. मग २१२ पानं छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. त्यात तीन आठवडे गेले. सात आठवड्यांतला हा सगळ्यात मोठा हिस्सा, आणि तो घालवल्याचा मला आनंद आहे.

टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती घालतात लोक. अपडेटच्या दोन आज्ञा सोडल्या तर मला तो फारसा लागला नाही. पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, तेवढं माहीत असावं. फाइलच्या नावात मोठी आणि छोटी रोमन अक्षरं इथे वेगळी धरली जातात, हेही. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावं; सिस्टिम बिघडली तर ते तिला आदल्या दिवसावर नेतं. आपल्या फाइलींचा बॅकअप मात्र त्यात धरलेला नसतो, तो वेगळा घ्यायचा. एका ग्राहकाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यासाठी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आत विंडोज चालवणारा आभासी संगणक, ठेवलं आहे. महिन्यातून एकदा उघडते.

काम पूर्ण झाल्यावर बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं. जुन्या फाइलमध्ये मराठी शब्द शोधता येत नसे; आता येतो, हे दाखवायचं होतं. "काय शोधू?" विचारलं. त्यांनी आईचं नाव सांगितलं. ५७ ठिकाणी सापडलं. ते एकेक ठिकाण सावकाश वाचत गेले. अकराव्या ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "हे साल चुकलंय. तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता. बदल." मी बदललं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा पुसून म्हणाले, "आता पहिल्या पानापासून घे."