तुम्ही विचारलंत म्हणून: खलाशांना मराठी कशाला?

"बोटीवर हिंदी चालते की. मग या नेपाळ्यांना मराठी कशाला शिकवता? तेही फुकट?" भाजी घेताना, एसटीच्या थांब्यावर, बारशाला गेलं तरी हाच प्रश्न. आजवर मी "वेळ जातो हो" म्हणून सुटका करून घेत आले. ते खोटंही नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यावर संध्याकाळ खायला उठते, आणि चाळिशीची माणसं "मॅडम" म्हणत उठून उभी राहतात ते मला आवडतं. घ्या, एकदाचं सांगून टाकलं.

मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर खलाशी कोण आणि हापूसच्या बागा राखतं कोण, हे रत्नागिरीकरांना मी सांगायला नको. पण या नेपाळ्यांना "परदेशी माणसं" म्हणणाऱ्यांना सांगते: १९५० च्या भारत-नेपाळ करारानं त्यांना इथे राहून काम करायची मुभा आहे, आणि त्यांची नेपाळी १९९२ पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात मराठीच्याच रांगेत बसलेली आहे. "आपल्या पोरांची कामं जातात" म्हणणाऱ्यांनी आपला मुलगा कुठल्या बोटीवर चढतो ते आधी सांगावं.

शिकवणं तसं अवघड नाही. लिपी एकच. वर्ग भरतो त्या संस्थेच्या खोलीत पाहुणे आले की एखादा खलाशी मराठी पेपर घडाघडा वाचून दाखवतो, पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. 'ळ' तेवढा अडतो. पण वाचलेल्यातलं कळलं किती, हे कुणी विचारत नाही. सुरुवातीला मीही विचारत नव्हते. भाषा आली की माणूस आपला होतो, असं मी तेव्हा भाषणात ठोकून द्यायचे. कुणाचा आपला, ते मात्र सांगायचे नाही.

आता त्या माणसाचं. नाव लिहीत नाही. पश्चिम नेपाळातला, बोलायला कमी, वर्गात मागे बसणारा. मे अखेरीला बोटींचे हिशेब होतात, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सीझनच्या आधी घेतलेली उचल, मधे घरी पाठवलेले पैसे, सगळं वजा करून उरेल ते हातात. खलाशी सही करतो आणि गाडी पकडतो. यानं सहीआधी वही वाचली. उचल बरोबर होती. खाली एक ओळ होती: जाळे नुकसान, वजा. त्यानं जेटीवर, सगळ्यांसमोर, स्वच्छ मराठीत विचारलं, "कसलं नुकसान? जाळं कधी फाटलं?"

हिंदीत विचारलं असतं तर कदाचित चाललं असतं. हिंदीत ती मंडळी नेहमीच काही ना काही मागतात, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. मराठीत विचारलं म्हणजे वही वाचली, हे चारचौघांत कळलं. मालकानं ती ओळ खोडली, पैसे मोजून दिले आणि सांगितलं, ऑगस्टला येऊ नकोस.

त्याच संध्याकाळी मालक खोलीवर आले. वाईट माणूस नाही, माझ्या यजमानांच्या आजारपणात यांचीच गाडी धावली होती. चहा घेतला नाही. "मॅडम, मराठी शिकवा हो. वकिली कशाला शिकवताय?" त्या बोटीवरचं एकही माणूस नंतर वर्गाला आलं नाही. त्या खलाशाचा सख्खा मेहुणासुद्धा. ऑगस्टला बाकी सगळे त्याच बोटीवर परतले, ओळ खोडून न घेता. हा नाही. मंगला एक्स्प्रेसनं दिल्लीचं निजामुद्दीन, पुढे सीमेवरच्या बनबसामार्गे घरी गेला, त्यानंतर इथल्या कुठल्या बोटीनं त्याला घेतल्याचं ऐकलं नाही. निघताना एवढंच म्हणाला, "मॅडम, ओळ खोडून मिळाले ते पैसे गेलेल्या सीझनच्या पगारापेक्षा कमीच."

हिशेब त्याचा बरोबर होता. पोस्टात आयुष्यभर अंगठ्यांवर शाई लावून दिली मी, न वाचता सही करणाऱ्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. वाचून सही न करणाऱ्याचंही आता पाहिलं. कधी वाटतं, तो गप्प राहिला असता तर आज मुलांच्या फीचे पैसे पाठवत असता. मग स्वतःचाच राग येतो: गप्प राहायलाच शिकवायचं तर ती खोली कशाला उघडायची?

म्हणून बंद केली नाही. आता अननस आणि आगगाडी सोडून पहिल्या आठवड्यातच जमा, नावे, वजा, बाकी शिकवते. संस्थेतले काहीजण म्हणतात, जाब कसा विचारायचा तेही शिकवा. एकदा मी हो म्हटलं, पुढच्या बैठकीत नाही म्हटलं. नोकरी त्यांची जाणार, माझं पेन्शन चालूच.

परवा एकजण वहीच्या पानाचा फोटो घेऊन आला. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "सही करू?" मी म्हटलं, आधी वाच. त्यानं वाचलं, अर्थही बरोबर सांगितला, आणि परत तेच विचारलं. मी त्याला काय सांगायला हवं होतं, ते पुढच्या वेळी "मराठी कशाला" विचारताना तुम्हीच मला सांगा.