तुम्ही विचारलंत म्हणून: वेबसाइटवर घर चालतं का?

लग्नात, दहाव्याला, नाशिकच्या सिडकोतल्या किराणा दुकानात, आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा हा प्रश्न येतो. "अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडली म्हणे? मग वेबसाइटवर घर चालतं का? महिन्याला किती सुटतात?" आजवर "चाललंय" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकतो.

महिन्याचा आकडा मी सांगत नाही, कारण तसा एक आकडा नसतोच. माझ्या दोन साइट आहेत. एक मराठी, द्राक्षबागेची. दुसरी इंग्रजी, मोटर स्टार्टर, ओव्हरलोड रिले आणि पॅनल वायरिंगची, म्हणजे कारखान्यात जे केलं तेच. मराठी साइटची हजार पानं उघडली गेली की जाहिरातीचे चाळीस-पन्नास रुपये पडतात. इंग्रजी साइटवर अमेरिकेतला वाचक आला तर तेवढ्याच पानांना त्याच्या कितीतरी पट. लेख चांगला की वाईट याचा इथे संबंध नाही. जाहिरातीच्या जागेचा प्रत्येक वेळी लिलाव होतो, आणि निफाडच्या शेतकऱ्यासाठी बोली लावणारे मोजकेच असतात. आता हिशेब तुम्हीच करा. हजारी ५० रुपयांनी ४० हजार हवे असतील तर महिन्याला ८ लाख पानं उघडली गेली पाहिजेत. ऑक्टोबर छाटणीच्या ऐन गर्दीतही माझी तेवढी उघडत नाहीत.

वर हंगाम. सप्टेंबरअखेर छाटण्या सुरू झाल्या की आलेख चढतो, पोंगा (कोंब फुटण्याची अवस्था) ते फुलोरा या काळात डाऊनी रोगाच्या भीतीने रात्री अकरालाही लोक फोनवर शोधत बसतात, आणि जानेवारी सरली की उतार. जाहिरातीचे दरही दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत चढे आणि १ जानेवारीला आपटलेले. खरड छाटणीच्या एप्रिलमध्ये साइट इतकी शांत असते की सर्व्हर बंद पडला तरी दोन दिवस कोणी कळवणार नाही.

पैशाची तारीख हा वेगळाच विषय. गूगलच्या जाहिरात सेवेत, ॲडसेन्समध्ये, १ ऑक्टोबरला पडलेला रुपया गूगलकडून सुटतो २१ ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान, तोही एकूण १०० डॉलर भरले असतील तर. नाहीतर पुढच्या महिन्यात. साइटवरच्या दुव्यावरून कोणी खरेदी केली की मिळणारं ॲमेझॉनचं कमिशन महिना संपल्यानंतर साधारण साठ दिवसांनी. आणि पिंपळगाव बसवंतच्या ज्या कृषी दुकानदाराची जाहिरात मी थेट लावतो, तो म्हणतो, "भाऊ, माल निघू द्या, मग देतो." त्याचीही उधारी शेतकऱ्याकडे अडकलेली असते, त्यामुळे चिडताही येत नाही. पण शाळेची फी माल निघेपर्यंत थांबत नाही.

पगार सोडताना नुसता पगार सुटत नाही. कंपनीची मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपते. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ते घड्याळ पॉलिसी घेतल्यापासून चालू होतं. घराचं कर्ज घ्यायचं असेल तर राजीनाम्याआधी घ्या. नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि मधल्या पडत्या वर्षावर बोट ठेवते. व्यवसाय कर पगारातून आपोआप कापला जायचा, आता नावनोंदणी करून वर्षाचे २,५०० आपणच भरायचे. आगाऊ आयकराच्या चार तारखा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. यातला १५ सप्टेंबर माझ्याकडे नेमका खात्यात खडखडाट असताना येतो.

"पण एकदा लिहून ठेवलं की बसल्या जागी पैसे येतात ना?" हे म्हणणाऱ्या भाच्यासाठी एक उदाहरण. निर्यातीच्या द्राक्षांवर कोणतं औषध चालेल आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, याची यादी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढतं आणि ती बदलत राहते. गेल्या वर्षी यादीत असलेलं औषध यंदा वगळलेलं असू शकतं. माझ्या जुन्या लेखावर विसंबून कोणी फवारलं आणि नमुन्यात अंश सापडले, तर कंटेनर त्याचा अडकणार. म्हणून दर छाटणीआधी औषधांचा प्रत्येक लेख ओळ न् ओळ यादीशी ताडून पाहतो. बसल्या जागी म्हणाल तर हो, हेही बसूनच करतो.

आता ज्याबद्दल सगळ्यांनी अर्धवट ऐकलंय ते. "तुमची साइट हॅक झाली होती ना?" झाली होती.

छाटण्यांच्या दिवसांत निफाड तालुक्यातून एका बागायतदाराचा फोन आला. "भाऊ, तुमचं पान उघडलं की लॉटरीचं पान येतंय." लॅपटॉपवर पाहिलं, साइट ठणठणीत. त्याने पुन्हा उघडलं, त्यालाही नीट दिसली. दोघांनी नेटवर्कला दोष दिला. साइटमध्ये शिरलेल्या किड्याचं, म्हणजे घातक कोडचं, हेच कसब होतं. तो आधी तीन गोष्टी बघायचा: वाचक मोबाइलवर आहे का, सर्चमधून आलाय का, आणि साइटचा मालक म्हणून लॉगइन तर नाही ना. तिन्ही जुळलं तरच लॉटरीकडे ढकलायचा, आणि तेही एका फोनला एकदाच. मालकाला ते कधीच दिसू नये अशी रचना. तुमच्या साइटबद्दल अशी तक्रार आली तर वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर खासगी विंडो उघडा, पत्ता टाइप न करता सर्चच्या निकालावरून आत जा. किंवा ब्राउझरशिवाय पान मागवणाऱ्या कर्ल कमांडला मोबाइलचा यूजर एजंट (ब्राउझरची ओळख) आणि सर्चचा रेफरर (वाचक कुठून आला तो पत्ता) देऊन उत्तरात कुठला पत्ता येतो ते बघा. मला तो तसाच सापडला.

शिरला कुठून? फॉर्म भरण्याच्या एका प्लगइनमधून, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या तयार सॉफ्टवेअरमधून. चोरीचं नव्हे, पैसे भरून घेतलेलं आणि अपडेट केलेलं. भोक जाहीर होणं आणि दुरुस्ती येणं यात काही दिवस गेले, तेवढे पुरले.

साफसफाई अशी असते. माझी साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या अपलोड्स फोल्डरमध्ये फोटो असतात, तिथे पीएचपी फाइलचं, म्हणजे चालणाऱ्या कोडचं, काम नाही. माझ्याकडे होत्या, फोटोंसारखी नावं घेऊन. "अलीकडे बदललेल्या फाइली" शोधून उपयोग होत नाही, कारण बदलाची तारीख मागची घालता येते. फाइलच्या नोंदीत बदल कधी झाला ती दुसरी वेळ, सीटाइम, तपासायची. ती सहसा खोटी नसते. डॅशबोर्डवर वापरकर्ते मोजून समाधान मानू नका. डॅशबोर्ड मला दोन ॲडमिन दाखवत होता, डेटाबेसच्या टेबलात तीन होते. तिसऱ्याला यादीतून लपवणारा तुकडा म्यू-प्लगइन्स फोल्डरमध्ये बसलेला. त्या फोल्डरमधलं काहीही आपोआप चालू होतं आणि प्लगइनच्या पानावरून बंद करता येत नाही. इंडेक्स फाइल साफ केली की मिनिटभरात पुन्हा तशीच. एक पीएचपी प्रोसेस मेमरीत चालू राहून ती परत लिहीत होती. प्रोसेस मारल्याशिवाय फाइली पुसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. मग क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतली, अनोळखी ओळ काढायची, डेटाबेसचा पासवर्ड बदलायचा, कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदलायच्या म्हणजे आत बसलेले सगळे बाहेर पडतात.

हे अर्ध्यावर असताना होस्टिंगवाल्यांनी, ज्यांच्या सर्व्हरवर साइट होती त्यांनी, खातंच गोठवलं. नाव घेत नाही. ईमेल यंत्राने लिहिलेला, तिकिटाला उत्तर यायला दोन दिवस. त्या काळात माझ्या प्रत्येक पानाचं उत्तर होतं ४०३, म्हणजे "प्रवेश नाही". सर्च इंजिनचा रोबो आला आणि त्याला ४०३ मिळालं की तो ते पान नाहीच असं धरू लागतो आणि यादीतून काढतो. ५०३ मिळालं, म्हणजे "तात्पुरतं बंद", तर काही दिवस वाट बघतो. मी दोनदा लिहिलं की बंदच ठेवायचं तर ५०३ द्या. उत्तर आलं की आमच्या धोरणानुसार खातं बंद आहे. हे मला माहीत होतं.

त्यांचा बॅकअप सात दिवसांचा, किडा त्याहून जुना, म्हणजे सातही प्रती किडलेल्या. वाचवलं एका गोष्टीने: लेख डेटाबेसमध्ये असतात आणि घाण बहुतेक फाइलींमध्ये होती. डेटाबेस उतरवला, त्यात स्क्रिप्ट टॅग आणि अनोळखी ऑप्शन शोधून काढले, दुसऱ्या सर्व्हरवर कोरं वर्डप्रेस, कोरी थीम, मोजके प्लगइन, फोटो तेवढे फोल्डर तपासून. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये सुरक्षेच्या पानावर फेरतपासणीचा अर्ज. त्यात "साइट साफ केली" एवढं लिहून भागत नाही. काय सापडलं, कुठे, काय बदललं, हे लिहायचं. साइट उघडताना येणारा लाल इशारा मग गेला.

पानं हळूहळू परत आली, तोवर बागा काढणीला आलेल्या. पण बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सुटला होता: "ही साइट उघडू नका, खात्यातून पैसे जातात." कोणाच्या खात्यातून काही गेल्याचं माझ्या कानावर नाही. पण त्या मेसेजला फेरतपासणीचा अर्ज नसतो. तो अजून अधूनमधून छाटणीच्या दिवसांत फिरतो, नव्या तारखेसह. पिंपळगावच्या दुकानदाराने हंगामाचे पैसे दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत.

"म्हणजे नोकरी बरी होती." हे ऐकायलाच लोक इथवर थांबतात, म्हणून सांगतो, नाही. नोकरीत लाइन बंद पडली की रात्री दोनलाही मीच उठायचो, आणि लाइन माझी नव्हती. मात्र राजीनामा देताना वहीत ज्याने, म्हणजे मीच, लिहिलं होतं, "इथे कोणाचं ऐकावं लागणार नाही," त्या माणसाशी माझं आजही भांडण आहे. सर्च इंजिन, होस्टिंग, जाहिरातीचा लिलाव, प्लगइनवाला, सगळ्यांचं ऐकावं लागतं आणि त्यांच्यातला एकही फोन उचलत नाही. कारखान्यात निदान सुपरवायझर समोर उभा असायचा. तो वहीतला माणूस यावर म्हणतो, "पण पान तर तुझंच आहे ना?" यालाही माझ्याकडे उत्तर नाही. इंग्रजी साइटवर तर आता सर्च इंजिन उत्तर स्वतःच वर छापतं आणि वाचक खाली येतच नाही, मग पान माझं असून काय? तरी पुढच्या छाटणीआधी यादी ताडायला मीच बसणार आहे.

आता सगळ्यात ताजा प्रश्न: "२०२७ च्या सिंहस्थाची साइट काढू का? नोकरी सोडून?" स्नानाच्या तारखा, इतिहास, महत्त्व यावर लिहू नका, तिथे सरकारी आणि वृत्तपत्रांच्या साइटच्या वर तुम्ही येणार नाही. एक लहान गोष्ट धरा. बाहेरगावच्या गाड्या कुठे थांबवतील, तिथून रामकुंडाकडे कोणती बस, किती चालायचं, म्हातारी माणसं असतील तर काय, हे मराठीत आणि हिंदीत, स्वतः चालून पाहून. पानं हलकी ठेवा, गर्दीत नेटवर्क मिळत नाही. शेवटच्या स्नानानंतर महिन्याभरात वाचक शून्यावर येणार हे धरून होस्टिंगचे पैसे भरा. नोकरी सोडू नका, त्या काळात सुट्टी टाका.