तुम्ही विचारलंत म्हणून: सगळीच मोठी माणसं, तर पार्काशेजारचंच हॉटेल घ्यावं का?

'आम्ही आठ जण. आजी, आई-बाबा, काकू, मुलगा-सून, मुलगी-जावई. लहान मूल एकही नाही. खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्काला जायचंय, तर पार्काला लागून असलेल्या हॉटेलात उतरावं, की पाली-लोणावळ्याकडे कुठे स्वस्तात?' दापोलीपासून मालवणपर्यंत थोड्याफार फरकाने हाच प्रश्न येतो. येतो तोही ठरावीक दिवसांत, लावणी आटोपली की किंवा दिवाळी झाली की. आंब्याच्या घरात मार्च ते मे हा विषय काढायची कुणाची छाती नसते.

लागून असलेलंच घ्या. ज्यांना पाळण्यात बसायचंय ते कुठेही झोपतील, रात्री दमून आडवे होतील. हॉटेल बघायचं ते जे बसणार नाहीत त्यांच्यासाठी. बीपी, हृदयाचा त्रास, मानेचा स्पाँडिलायटिस, पाठीचं दुखणं, गरोदरपण, यातलं काहीही असलं तरी जोराच्या राइडवर बसायला मनाई असते. रांगेच्या तोंडाशी तसा फलकही असतो. म्हणजे आठांतले चार-पाचच चढणार. बाकीचे बसल्या जागचे शो आणि संथ राइड करून दुपारी दोनपर्यंत मोकळे होतात आणि तोवर गुडघे बोलायला लागलेले असतात. हॉटेल वीस-पंचवीस किलोमीटरवर असलं आणि गाडी एकच असली की मग एक तर सगळ्यांनी उठायचं, नाहीतर आजीने पाच तास बाकावर बसायचं. हॉटेल शेजारी असलं की ती खोलीवर जाऊन आडवी होते आणि संध्याकाळी दिवे लागताना परत येते. मात्र त्याच तिकिटावर परत आत घेतात का, त्यासाठी हातावर शिक्का लागतो की पट्टा, हे सकाळी आत शिरतानाच विचारून ठेवा. बाहेर पडून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

आता खोल्या. पार्काशेजारच्या हॉटेलांची पॅकेजं 'दोन मोठे, दोन लहान' असा हिशेब धरून केलेली असतात. तुमच्याकडे लहान कुणी नाही, तेव्हा 'मुलांना मोफत' या ओळीचा तुम्हाला काडीचा फायदा नाही. 'फॅमिली रूम' या नावावरही जाऊ नका. त्यात बरेचदा एक मोठा पलंग आणि एकावर एक अशा मुलांच्या खाटा असतात. सहा फुटी जावयाला वरच्या खाटेवर चढवणार का?

आठ जणांना तीन खोल्या आणि दोन जादा गाद्या, हा हिशेब कागदावर छान दिसतो. गाडं अडतं ते सकाळी. माणशी वीस-पंचवीस मिनिटं धरली तर एका न्हाणीघरात तिघांना सव्वा तास लागतो. नाश्ता साधारण दहाला आवरतात, म्हणजे तिसऱ्याने नाश्ता तरी सोडायचा नाहीतर आंघोळ तरी. शिवाय जादा गादी म्हणजे जमिनीवरचं अंथरूण किंवा चाकांची अरुंद खाट. साठीच्या माणसाला जमिनीवरून उठताना काय होतं ते सांगायला नको. चारच खोल्या घ्या. दोन जोडप्यांना मोठा पलंग, आई-बाबांना आणि आजी-काकूंना दोन वेगळे पलंग. 'ट्विन' म्हटलं की काही ठिकाणी दोन गाद्या एकमेकींना चिकटवून वर एकच चादर घालतात आणि रात्री मधल्या फटीत कुणीतरी सापडतं. म्हणून 'दोन पलंगांच्या मध्ये चालता येईल एवढी जागा आहे का?' असंच विचारा. घोरणारं माणूस कोण ते घरात सगळ्यांना माहीत असतं, त्याची खोली आधी ठरवा.

फोनवर कुणी विचारत नाही तो प्रश्न न्हाणीघराच्या भिंतीचा. नव्या हॉटेलांत खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये काचेची भिंत घालायची फॅशन आहे. नवराबायकोंचं ठीक, पण आजी-काकूंच्या खोलीत तो संकोचाचाच मामला होतो. आतून पडदा किंवा पट्ट्या ओढता येतात का, हे विचारा आणि शक्य तर खोलीचा फोटो मागवा. टब असेल तर त्याचा काठ ओलांडताना धरायला दांडा हवा. नसेल तर टब नसलेली, सपाट फरशीवरच्या शॉवरची खोली मागा. बादली, मग आणि प्लास्टिकचं स्टूल बहुतेक ठिकाणी मागितल्यावर मिळतं, पण सकाळी साताला सगळेच मागतात. आदल्या रात्रीच आणवून ठेवा.

घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर आणखी एक गोष्ट. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. खोलीतला छोटा फ्रिज नेहमी तेवढा गार होत नाही, आणि काही खोल्यांत दाराजवळ विजेसाठी खोचलेलं कार्ड काढलं की एसीबरोबर तोही बंद पडतो. खोलीत शिरल्यावर कार्ड काढून फ्रिजचा दिवा जातो का बघा. जात असेल तर औषध हॉटेलच्या फ्रिजात ठेवायला द्या, पिशवीवर नाव आणि खोली नंबर लिहून. फ्रीजरमध्ये मात्र नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

पैशाचं गणित एका आकड्याभोवती फिरतं: ७,५००. सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. समजा खोली ७,४०० ची, तर करासह ७,७७० होतात. तीच ७,६०० ला पडली तर ८,९६८. भाडं दोनशेने वाढलं आणि बिल जवळजवळ बाराशेने. चार खोल्या, दोन रात्री म्हणजे साडेनऊ हजारांचा फरक! भाव सीमेच्या आसपास असेल तर तारीख पुढेमागे करून बघा, मधल्या वारांना तो बरेचदा खाली येतो. आणि ७,५०० च्या वरच्या खोल्या असलेल्या हॉटेलात तिथल्या जेवणावरही ५ ऐवजी १८ टक्के लागतात, म्हणून भाव विचारताना 'कर धरून किती?' एवढंच विचारा.

जेवणासकटचं पॅकेज घ्यावं का? श्रावणात अजिबात नको. आठांतले निम्मे तरी श्रावण पाळणार, एखादीचा सोमवार, कुणाची एकादशी. बुफेचा दर मात्र सगळ्यांना सारखा, साबुदाण्याची खिचडी मागवलीत तर तिचे पैसे वेगळे. फक्त नाश्ता धरून खोली घ्या. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, तेव्हा दुपारचं जेवण तसंही आतच होणार.

वॉटर पार्क करणार असाल तर साडी, सलवार-कमीज, सुती कपडे पाण्यात चालत नाहीत. नायलॉन-लायक्राचे कपडे लागतात. आतमध्ये भाड्याने मिळतात, पण बायकांना मापाचे आणि अंगभर हवे असतील तर घरूनच न्यावेत. पावसाळ्यात वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तिथे पाऊस कोसळतो तो एखाद्या सरीवर भागत नाही, म्हणून जुलैत गेलात तर पार्कासाठी एकाच्या ऐवजी दोन दिवस हाताशी ठेवा किंवा दिवाळीनंतर जा.

रत्नागिरीकडून येताना कशेडीचा घाट आता बोगद्याने वाचतो, पण माणगावात गाडी अडकली की सगळं वेळापत्रक कोलमडतं. पहिल्या दिवशीचं पार्काचं तिकीट काढूच नका. वाकण फाट्याला वळून पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शन घ्या, दुपारी हॉटेलवर पोचा; खोली दोन-तीनच्या आत मिळतही नाही. राइडवर न बसणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी खोपोलीजवळच्या महडला वरदविनायकाकडे जाऊन येता येतं. अष्टविनायकांतले दोन झाले म्हटल्यावर आजीची पार्काबद्दलची तक्रार निम्मी होते.

शेवटच्या दिवशी अकरा-बाराला खोल्या सोडाव्या लागतात आणि मंडळी अजून पाण्यातच असतात. चारही खोल्या वाढवून घेऊ नका. एकच खोली, आजी-काकूंची, दुपारी चारपर्यंत अर्ध्या भाड्यात देता का ते आदल्या संध्याकाळी विचारा. बाकीच्यांचं सामान त्याच खोलीत आणा. ओले कपडे बदलायला, वेणी घालायला आणि निघण्यापूर्वी आजीला अर्धा तास पाठ टेकायला ती एक पुरते.